एकोणतीस पानांचं तांबं

या विश्वात जेवढे म्हणून धातू आहेत, ते सगळे जन्मजात दानशूर आहेत. सोनं असो, लोखंड असो, नाहीतर घागरीचं तांबं असो, आपल्या दारातला शेवटचा पाहुणा दुसऱ्याच्या घरी पाठवायला प्रत्येक धातू एका पायावर तयार असतो. आणि त्याच्या या औदार्यावरच सृष्टीचा गाडा चाललेला आहे.

हे सत्य आमच्या भागात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते सन एकोणचाळीसच्या माघात, गोरेगावच्या माणिकरावांच्या ओसरीवर. उच्चारणाऱ्याच्या उजव्या मिशीला त्या वेळी शिऱ्याचा एक दाणा चिकटलेला होता, आणि ऐकणारे सगळे सत्याकडे नव्हे, त्या दाण्याकडे बघत होते.

मिशी सूर्यकांतची होती. हैदराबादहून बी.एस्सी. होऊन आलेलं हे पोरगं सिद्धेश्वरच्या अंगाला, पूर्णेच्या काठी राहणाऱ्या तातेरावांचं. बापलेक गोरेगावात आले होते मुलगी बघायला. मुलगी म्हणजे माणिकरावांची धाकटी लेक तारा. ती येऊन, पाटावर बसून, नाव सांगून आत गेली होती. सूर्यकांतला ती पसंत होती, हे त्याने मागून घेतलेल्या शिऱ्यावरून कळत होतं. ताराला तो पसंत होता, हे शिऱ्यावरच्या तुपावरून कळत होतं. आता फक्त मोठ्यांनी चार शब्द बोलायचे उरले होते, आणि मोठे बोलायला लागले की काय होतं, याचा त्या घराला अनुभव होता.

"शिकले काय म्हनायचं तुमी?" माणिकरावांनी विचारलं.

"रसायनशास्त्र."

"म्हंजी दवाखाना."

"नाही मामा. धातू कशाचे बनलेत, त्याचा अभ्यास."

"धातू धातूचेच बनून राहिले की! त्याला हैदराबादेला कशाला जायाचं?"

सूर्यकांतची पंचाईत वेगळी होती. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत सगळं शिक्षण उर्दूतून. इलेक्ट्रॉनला तिथं 'बर्किया' म्हणायचे. अणूच्या पोटातलं सगळं घर त्याला तोंडपाठ होतं, पण ते होणाऱ्या सासऱ्याला मराठीत सांगायला त्याच्या ट्रंकेत एक शब्द नव्हता. त्याने इकडं तिकडं पाहिलं. दारात माणिकरावांची थोरली बहीण द्वारकाबाई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसली होती. सूर्यकांतला वाट सापडली.

"असं समजा मामा, अणू म्हणजे लग्नघर. मधोमध मांडवाचा खांब. खांबाभोवती जेवणाच्या पंगती. पण सरळ नाही, गोल. एका गोलाबाहेर दुसरा गोल. आणि इलेक्ट्रॉन म्हणजे जेवायला बसलेली माणसं."

"अन् वाढतंय कोन?" दारातून द्वारकाबाईंनी विचारलं.

विज्ञानाला हा प्रश्न तोवर कुणी विचारलेला नव्हता, म्हणून सूर्यकांतने तो ऐकलाच नाही.

"खांबाजवळच्या पहिल्या पंगतीत दोघंच बसतात. तिसऱ्याला जागा नाही. दुसरीत आठ. आता तांब्याचं घर घ्या. तिथं तिसऱ्या पंगतीत अठरा. आणि मग सगळ्यांच्या बाहेर एकटाच एक."

"बिचारं," माणिकराव म्हणाले. "एकटं काहून बसविलं त्याला?"

"बिचारा कसला मामा, खरा राजा तोच! आतल्यांना जागा सोडता येत नाही. खांबानं त्यांना गच्च धरून ठेवलेलं असतं. बाहेरचा मोकळा. या घरी बसला, त्या घरी बसला, कुणी हटकत नाही. तांब्याच्या तारेतून वीज पळते ती याच्या जिवावर. धातूचा सगळा गुण त्या शेवटच्या पंगतीत. तो देणारा. दिल्याशिवाय धातूला करमतच नाही." आणि इथे त्याने ते दानशूरपणाचं वाक्य उच्चारलं.

पण माणिकराव मागेच थांबले होते.

"त्या पहिल्या पंगतीतले दोघं. त्यात थोरला कोन?"

"कोणीच नाही. दोघं बराबर."

"पन पान पहिलं कोनाचं मांडायचं?"

"गोलाला पहिलं-शेवटचं नसतंच मामा."

माणिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्यकांतला वाटलं, विज्ञानाची महती.

महती वेगळीच होती. माणिकरावांना दोन चुलते. संतराम वयाने थोरले, पण धाकट्या आईचे. ग्यानबा वयाने धाकटे, पण थोरल्या आईचे. तेव्हा घराण्यातला थोरला कोण, हा प्रश्न दोघांच्या बापाच्या तेराव्याला पहिल्यांदा निघाला आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. न बोलण्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत यायची ती पंगतीत. या घराण्याची रीत अशी की पंगतीचं पहिलं पान थोरल्याचं; त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावायचा नाही; आणि जेवण झाल्यावर त्यानेच सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं. दोघांपैकी कुणाचंही पान पहिलं मांडलं की दुसरा उठून चालता व्हायचा, आणि त्याच्या मागे निम्मी पंगत. ताराचं मागच्या साली सेनगावकडे जवळजवळ जमलं होतं. ते मुलाकडचे लोक दोन्ही चुलत्यांचं भांडण संपायची वाट बघत बसले, वरणावर साय आली, आणि ते उपाशी परत गेले ते गेलेच. त्या दिवसापासून पंचक्रोशीत माणिकरावांच्या घरी मुलगी बघायला जाणारा माणूस घरून जेवून जायचा.

त्या संध्याकाळी पाहुण्यांची गाडी गेल्यावर तारा आत्याजवळ येऊन बसली.

"आत्या, या बारीला मोडलं तर मी लगीन करनार न्हाई. दोघा आज्यांची खरकटी काढत हितंच म्हातारी होईन."

"मोडतंय कशाला? त्या पोराला येवढी अक्कल हाय..."

"अक्कल हाय म्हनूनच भ्या वाटून राहिलं," तारा म्हणाली.

माणिकरावांनी मात्र तोवर निश्चय केला होता. पाहुणे जाण्याआधी त्यांनी होणाऱ्या जावयाला एवढंच विचारून घेतलं होतं: "हे सरकारमान्य हाय नं?" सूर्यकांत म्हणाला, त्याच्या सनदेवर निजाम सरकारचा शिक्का आहे. माणिकरावांना एवढं पुरे होतं. सुपारीची पंगत अणूसारखी बसणार.

दोघा चुलत्यांना त्यांनी वेगवेगळं गाठलं. संतरामकाकांना म्हणाले, "काका, पहिल्या पंगतीत तुमी."

"अन् त्यो?"

"त्योबी. पन माज्या हातात न्हाई. तांब्याची घडनच तशी हाय."

"मग मला त्याच्या उजव्या हाताला बसव."

"गोलात दोघंच असले म्हंजी दोघंबी एकमेकाच्या उजव्या हाताला अन् दोघंबी डाव्या हाताला."

संतरामकाकांनी बराच वेळ डोळे मिटून हे बसवून पाहिलं. बसलं. ग्यानबाकाकांकडेही हेच संभाषण झालं, फक्त त्यांनी डोळे उघडे ठेवून बसवून पाहिलं.

सुपारी फाल्गुनात ठरली. ज्वारीची मळणी उरकली होती. गावाबाहेरचं माणिकरावांचं खळं शेणानं सारवून लख्ख झालं होतं आणि मधोमध, ज्याच्याभोवती बैल फिरवायचे तो खांब, म्हणजे तिवडा, अजून उपटला नव्हता. गोल जागा, मध्ये खांब. याहून चांगला अणू हैदराबादेतही मिळाला नसता. माणिकरावांनी तिवड्याला दोरी बांधली आणि दोरी धरून स्वतः तीन गोल मारले. पहिला इतका लहान की दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागावेत. गोलांवर रांगोळी आली, पाट आले, तोंड खांबाकडं येईल अशा बेतानं पत्रावळी मांडल्या. सगळ्यांच्या बाहेर, कडब्याच्या गंजीच्या बाजूला, एकच पाट आणि एकच पत्रावळ.

या एका पाटावर मुलाचे वडील तातेराव बसणार होते. माणिकरावांनी त्यांच्यासाठी चांदीची फुलं मारलेला पाट ठेवला होता. हेतू मानाचा होता. पण तातेराव काही ओसरीवरचं सगळं व्याख्यान ऐकत बसलेले नव्हते. त्या वेळी ते माणिकरावांची बैलजोडी बघायला गोठ्यात गेले होते.

दुसऱ्या गोलात आठ भाऊबंद बसले. तिसऱ्यात बसायला अठराच्या जागी पंचवीस जण आले, तेव्हा माणिकराव हात जोडून म्हणाले, "माफ करा, बाकीच्यांनी दुसऱ्या तांब्यात बसावं. यात जागा संपली." संतरामकाका आणि ग्यानबाकाका दोन बाजूंनी एकाच वेळी आत शिरले, एकाच वेळी बसले आणि तिवड्याच्या दोन बाजूंनी दोन दिशांना बघू लागले. बारा गावच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. सूर्यकांत गंजीजवळ उभा राहून हे सगळं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर, आपण शोधलेली गोष्ट नसूनही आपणच शोधल्यासारखा भाव होता.

तातेराव पाटावर बसले. उजवीकडं बघितलं. कुणी नाही. डावीकडं बघितलं. कडबा.

"इवाई," ते व्याह्यांना हाक मारून म्हणाले, "आमच्या शेजारी कोनी येनार हाय का न्हाई?"

औंढ्याहून आलेले भटजी कनवाळू होते. ते उठून म्हणाले, "मी बसतो यांच्या सोबतीला."

"नका नका!" माणिकराव धावले. "बाहेरच्या पंगतीत दोघं झाले की तांबं ऱ्हात न्हाई, जस्त होतंय! इचारा जावईबापूला."

सूर्यकांतने नाइलाजाने मान डोलावली. शास्त्र तसंच होतं.

"सुपारीच्या दिवशी जस्त?" तिसऱ्या गोलातून कुणीतरी म्हणालं. "अपशकुन हाय."

भटजी खाली बसले. तातेरावांना तांब्या-जस्ताचं काही कळलं नाही. एवढंच कळलं की त्यांच्याजवळ बसायला आलेल्या माणसाला चारचौघांत माघारी नेलं.

मग वाढपी निघाले. पुढं पुरणपोळीची परात, मागं भात, वरण, कटाची आमटी, तुपाची कासंडी. तिसऱ्या गोलापाशी येऊन ते थांबले.

पान समोरून वाढायचं. समोरून वाढायचं तर गोलाच्या आत जायला हवं. आत जायचं तर मांडीला मांडी लावून बसलेल्या अठरा माणसांमधून नाहीतर त्यांच्या पानांवरून जायला हवं. मांडलेलं पान ओलांडायचं नसतं, आणि माणूस बसल्यावर ते उचलायचंही नसतं. सरळ पंगतीत हा प्रश्न येत नाही. वाढपी एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने निघतो. गोलाला टोक नसतं. हाच तर त्याचा गुण म्हणून तो निवडला होता.

वाढप्यांनी गोलाला एक प्रदक्षिणा घातली. परातीतून वाफ निघत होती. दुसरी प्रदक्षिणा झाली. वाट फक्त एका पानापर्यंत होती, म्हणून त्यांनी ते वाढलं. तातेरावांच्या पत्रावळीवर दोन पोळ्या आल्या, भाताची मूद आली, भजी आली, कुरडई आली, तूप आलं. बाकी अठ्ठावीस पत्रावळी कोऱ्या.

आता तातेरावांनी हात लावावा तर आतल्या थोरल्यांनी घास घेतलेला नाही. ते भरल्या पानासमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसले, आणि अठ्ठावीस उपाशी माणसं माना वळवून त्यांच्याकडं बघत राहिली.

इतक्यात गंजीवरून एक कावळा उतरला. टुणटुण उड्या मारत आला, पत्रावळीपासून हातभर अंतरावर थांबला आणि मान तिरकी करून आधी पोळीकडं, मग तातेरावांकडं बघू लागला. त्याचीही चूक नव्हती. सगळ्यांपासून लांब, एकटं, सगळे पदार्थ वाढलेलं आणि कुणीच हात न लावलेलं पान कुणाचं असतं, हे त्याच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

ते तातेरावांनाही ठाऊक होतं. ते उठले.

"सूर्यकांता! गाडी जुंप."

"आबा..."

"बापाचं पान कावळ्याला वाढलं अन् तू हुबा राहून बघून राहिला? मी जित्ता हाय अजून! गाडी जुंप म्हनलं ना!"

गंजीमागून तारा आणि द्वारकाबाई बघत होत्या. तातेरावांचा गडी गाडीकडं पळाला. तारा त्याच्याआधी पळाली. जुवाला बैलांच्या माना अडकवायच्या लाकडी खुंट्या, शिवळा, गाडीवरच पडल्या होत्या. तिने चारही उचलल्या, परत आली आणि कणकेच्या पाटीत खुपसून वर फडकं टाकलं.

"अगं!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"गाडी जुंपतील कशी आता? आत्या, तेवढ्यात कायतरी कर."

द्वारकाबाई तरातरा खळ्यावर आल्या. आधी त्यांनी कावळ्याला हाकललं, मग भावाकडं वळल्या. "माणिक, तुज्या तांब्यात अन्न जाईना की रे!"

माणिकराव घामाघूम झाले होते. ते काकुळतीने सूर्यकांतकडं बघू लागले. सूर्यकांत बापाकडं गेला आणि त्याच्या पाटाशेजारी बसू लागला.

"बसू नका!" माणिकराव ओरडले. "जस्त!"

सूर्यकांत उकिडवा बसला. उकिडवा माणूस पंगतीत धरायचा की नाही, याबद्दल रसायनशास्त्र गप्प आहे.

"आबा, जरा ऐका. ही जागा अपमानाची नाही."

"मंग आत बसलेल्या त्या दोघा म्हाताऱ्यांला बसव हितं."

"ते आत अडकलेत आबा. बघा तरी. त्यांच्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही. त्यांना उठता येत नाही. त्यांच्या हातात काही नाही. धातूत देणारा फक्त बाहेरचा असतो. तुम्ही."

तातेरावांनी आत बघितलं. संतराम आणि ग्यानबा, आख्ख्या पंचक्रोशीत मानासाठी प्रसिद्ध असलेले दोघे, कोऱ्या पत्रावळींसमोर ताठ बसून ओठांवरून जीभ फिरवत होते.

"म्हंजी मी दिलं तर त्यांला भेटनार?"

"हो."

"अन् मी न्हाई दिलं तर?"

"उपाशी."

तातेरावांनी यावर नीट विचार केला. त्यांचा चेहरा हळूहळू निवत गेला. त्यांनी मिशीवर हात फिरवला, पाट थोडा पुढं ओढला आणि पुन्हा मांडी घातली.

"असं आदी काहून न्हाई सांगितलं? आना ती परात हिकडं."

तिथून पंगत सुरू झाली. द्वारकाबाई तातेरावांच्या हातात परात देत, तातेराव ती पुढच्या माणसाच्या खांद्यावरून आत सरकवत, आणि सरकवताना प्रत्येक वेळी आवाज चढवून सांगत, "घ्या! पोळी येऊन राहिली. आमच्याकडून." तुपाची कासंडी तर त्यांनी इतका वेळ हातात धरून ठेवली की दुसऱ्या गोलातल्या आठांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले. माणिकरावांच्या बारा पिढ्यांत कुठल्याही व्याह्याला इतका मान मिळालेला नव्हता.

आपल्या पानात आपल्याच हाताने वाढून घ्यायचं नसतं, म्हणून तिसऱ्या गोलात जो तो शेजाऱ्याला वाढू लागला. त्यांचं झालं की परात पानांवरून अलगद दुसऱ्या गोलात. तिथं आठांनी एकमेकांना वाढलं. आणि मग परात, भाताचं पातेलं, आमटीची बादली, सगळं आत, तिवड्यापाशी, दोघांच्या मध्ये येऊन थांबलं.

आपल्या हाताने वाढून घ्यायचं नाही. शेजारी एकच. आणि शेजाऱ्याशी बापाच्या तेराव्यापासून बोलणं नाही. वाढायला हात पुढं करायचा तर कुणी? जो वाढेल तो धाकटा, हे दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं, आणि दोघांनी हात मांडीखाली घेतले.

पोळीवरची वाफ विरळ होऊ लागली. गंजीमागं परतलेल्या आत्याचा दंड ताराने घट्ट धरला.

संतरामकाकांना पुरण जिवापाड आवडायचं. ते परातीकडं बघत राहिले, मग तिवड्याकडं वळून म्हणाले:

"खांबा, तुज्या पलीकडं कोनी बसलं असंल तर त्याला म्हनावं, पान पुढं कर."

ग्यानबाकाकांनीही तिवड्यालाच सांगितलं, "खांबा, पान पुढं केलं म्हनून सांग. पन म्हनावं, मी कोनाचं ऐकलं न्हाई. पान आपोआप सरकलं."

संतरामकाकांनी पोळी वाढली. दुसरी वाढली.

"खांबा, बास म्हन त्याला. दातं न्हाईत मला," ग्यानबाकाका म्हणाले.

"खांबा, दातं कवा गेले इचार."

"मागच्या साली," ग्यानबाकाका खांबाला म्हणाले. "कोनी इचारायला आलं व्हतं का तवा?"

संतरामकाकांनी ग्यानबाकाकांच्या पोळीवर दूध मागवून घातलं. ते दूध मागायला त्यांनी सगळ्या गोलांना ओरडून सांगितलं, आणि तातेरावांनी ते मोठ्या उपकाराने आत पाठवलं. मग ग्यानबाकाकांची पाळी आली. त्यांनी कासंडी उचलली आणि संतरामकाकांच्या पानावर तुपाची धार धरली. धरली ती धरलीच.

"खांबा, थांब म्हन त्याला," संतरामकाका म्हणाले. धार थांबली नाही. "खांबा!" तूप पोळीवरून भातात, भातातून पत्रावळीच्या काठाशी, काठावरून धोतरावर आलं. "आरं ग्यानबा! बास की! माज्या आंगावर वाढतूस का काय लेका!"

बारा गावच्या लोकांनी ते ऐकलं. ग्यानबाकाकांनी कासंडी खाली ठेवली.

"तूपच हाय बापू," ते म्हणाले. "लहानपनी तुला पुरायचं न्हाई."

पहिला घास कुणी आधी घेतला याबद्दल गोरेगावात आजही दोन मतं आहेत, कारण त्या वेळी सगळे आपापल्या पोळीकडं बघत होते. अठ्ठावीस माणसं एकदम जेवायला लागल्याचा आवाज तेवढा झाला. एकोणतिसावा, म्हणजे तातेराव, थोड्याच वेळात सगळ्यांच्या आधी संपवून दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याच्याभोवती वाढप्यांची गर्दी होती, कारण वाढप्यांना दुसरीकडं कुठं जाताच येत नव्हतं.

गाडीकडं गेलेला गडी मध्येच येऊन म्हणाला, "मालक, शिवळा सापडनात."

"कशाला पायजेत शिवळा?" तातेराव पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "कोन चाललंय?"

जेवणं आटोपली. भटजींनी सुपारी काढली आणि ती हाताहातांतून आत गेली. सुपारी फोडायची थोरल्याने. दोघांनी सुपारीकडं बघितलं, मग एकमेकांकडं. ग्यानबाकाकांनी सुपारी तिवड्याच्या बुडाशी दगडावर दोन बोटांनी धरली आणि डोळे मिटून घेतले.

"हान. पन बोटं संभाळ."

संतरामकाकांनी पाण्याचा लोटा उलटा धरून हाणला. सुपारी फुटली. बोटं शाबूत राहिली. भटजींनी मंत्र म्हटले, गंजीमागं द्वारकाबाईंनी नाकाला पदर लावला, आणि ताराने कणकेच्या पाटीतून शिवळा बाहेर काढून फडक्याने पुसायला घेतल्या.

सूर्यकांतला राहवेना. मिशीवर बापाजवळ उकिडवं बसून खाल्लेलं पुरण होतं, डोळ्यांत पाणी होतं. तो तिसऱ्या गोलाच्या काठाशी उभा राहिला आणि त्याचा आवाज खळ्याच्या पलीकडं, पार रस्त्यापर्यंत गेला.

"मंडळी, आज आपण काय बघितलं, ते नीट समजून घ्या! पहिल्या पंगतीतले ते दोघे इलेक्ट्रॉन एकमेकांना सतत दूर ढकलत असतात. त्यांचा स्वभावच तो. एकमेकांचं तोंड बघू नये असं त्यांना वाटतं. तरी ते एकाच खांबाला धरून, एकाच घरात, सृष्टीच्या आरंभापासून जोडीनं राहतात! त्यांना तिथून उठवायला जगातली केवढी मोठी शक्ती लागते, ठाऊक आहे? हे दोघे आहेत म्हणून घर आहे. घर आहे म्हणून धातू आहे. धातू आहे म्हणून नांगर आहे, घंटा आहे, रेल्वे आहे, मंगळसूत्र आहे! आज गोरेगावच्या या खळ्यात साक्षात..."

"जावईबापू," आतून संतरामकाकांचा आवाज आला.

"जी काका?"

"ते सृष्टीचं मागून बगू. ह्या दोन पानांमधून मला जरा वाट काढून द्या. परसाकडं जायाचंय."